भेगेच्या तोंडावरचा बुडबुडा

गोपाळकाल्याचा दिवस, त्यामुळे होडीवाला मिळेना. २५ ऑगस्ट २०१६, गुरुवार. सकाळी आठ वाजता मी, आमचे सर आणि हातोडे-कॅमेऱ्याची पेटी सांभाळणारा मदतनीस असे तिघं खाडीवरचा पूल तपासायला काठावर चिखलात उभे होतो. वाडीतली तरणी पोरं हंडी बांधायला गेलेली. शेवटी सत्तरीतले एक तांडेल तयार झाले, तेही "बाराच्या आत मला मोकळा करा" या अटीवर.

दिवस आम्ही मुद्दाम तोच धरला होता. पंचांगात अष्टमी होती. किनाऱ्यावर भरतीचा हिशेब तिथीवर चालतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. आठाचे पाऊणपट सहा. म्हणजे सहाची भरती होऊन गेलेली आणि दुपारी बाराच्या आसपास पूर्ण ओहोटी. शिवाय अष्टमीला भांगाची भरती, पाण्याला ओढ कमी. पुनवेच्या नाहीतर अवसेच्या उधाणात त्या खांबांजवळ होडी दोन मिनिटं स्थिर राहत नाही, आणि आम्हाला प्रत्येक खांबाशी निदान दहा मिनिटं हवी होती.

पुलाचं आणि खाडीचं नाव लिहीत नाही. त्या कामात असलेली बरीच माणसं अजून नोकरीत आहेत. एवढं सांगते की पूल कोकणातला, १९७०च्या दशकात बांधलेला, आणि दिवसरात्र गाड्या चालू असलेल्या हमरस्त्यावरचा. चिऱ्यांचे ट्रक, वाळूचे डंपर, गॅसचे टँकर, एसटी, सगळं त्यावरूनच.

तेवीस दिवसांपूर्वी, २ ऑगस्टच्या रात्री, महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात गेला होता. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या अंधारात सरळ नदीत गेल्या. पुढे रस्ताच नाही, हे चालकांना दिसायलाही वेळ मिळाला नसेल. कित्येक दिवस शोध चालला होता आणि मृतदेह पार समुद्रकिनाऱ्यांवर लागत होते. त्या पुलाची पाहणी मे महिन्यातच झाली होती, हेही तेव्हा पुढे आलं. मग सगळीकडून पुलांच्या तपासणीची कामं निघाली.

मी एका खासगी सल्लागार कंपनीत पुलांच्या स्ट्रक्चरल ऑडिटचं काम करत होते. चार वर्षं झाली होती. सावित्रीची बातमी आली त्या आठवड्यात मी माझे जुने अहवाल काढून बसले आणि किती पुलांच्या बेअरिंगला, म्हणजे पुलाचा वरचा भाग ज्या आधारावर टेकतो त्याला, प्रत्यक्ष माझा हात लागला होता ते मोजलं. एकतीसपैकी अकरा. बाकीच्यांच्या रकान्यात मी 'काठावरून दुर्बिणीने पाहिले, स्थिती समाधानकारक' असं लिहिलं होतं. तेव्हा ते कुणाला खटकलं नव्हतं. मलाही नाही. आता तो रकाना वाचवेना.

पुलाची रचना सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. प्रत्येक खांबाच्या डोक्यावरून दोन्ही बाजूंना काँक्रीटचे हात बाहेर आलेले आहेत. शेजारच्या दोन खांबांचे हात एकमेकांना भेटत नाहीत, मध्ये वीसेक मीटरची जागा राहते. त्या जागेत पुलाचा एक सुटा तुकडा, छोटा गाळा, बसवलेला आहे, दोन माणसांनी पुढे केलेल्या हातांच्या बोटांवर फळी ठेवावी तसा. हाताचं टोक निम्म्या उंचीला कापून खाच केलेली, गाळ्याचं टोक उलट्या बाजूने कापलेलं. सुतार दोन वासे अर्धे-अर्धे कापून एकमेकांवर बसवतो, तोच प्रकार. खाचेत बेअरिंग आणि बेअरिंगवर गाळा. इंजिनिअर मंडळी त्याला आर्टिक्युलेशन म्हणतात. आमचे सर नुसतं 'नाक' म्हणायचे आणि मलाही तोच शब्द पटतो.

त्या काळी खाडीच्या खोल पाण्यात ही पद्धत सोईची होती. पण तिच्यात एक खोट आहे. नाकाची उंची गर्डरच्या, म्हणजे रस्ता पेलणाऱ्या तुळईच्या, निम्मी, त्यावर भार मात्र गाळ्याच्या टोकाचा अख्खा, आणि बरोबर त्याच्या डोक्यावर रस्त्याचा एक्स्पान्शन जॉइंट, म्हणजे पुलाला वाढता-आखडता यावं म्हणून ठेवलेली, रबराने झाकलेली फट. जॉइंटचं रबर फाटलं की पावसाचं पाणी, चिखल, टायरची काळी राड, सगळं त्या नाकावर उतरतं. रस्त्यावरून हे दिसत नाही, कारण वर डांबर असतं. खाडीतून दिसत नाही, कारण खाचेत अंधार असतो. सावित्रीच्या पुलाला पुराने नेलं. अशा पुलांना मात्र खालची खाडी फारसं काही करत नाही, त्यांना वरून झिरपणारं पाणी खातं.

होडी पहिल्या खांबाशी पोचली. पाण्याच्या रेषेवर कालवं चिकटलेली, त्यावर शेवाळ. मी हातोडीने ठोकत गेले. चांगलं काँक्रीट खणखणीत वाजतं, आतून सुटलेलं बदबद वाजतं, हे कानाला लगेच कळतं. खांब ठीक होते. एकदोन जागी पोपडे सुटलेले, चुन्याचे पांढरे ओघळ, त्या वयाच्या पुलाला शोभेल इतकंच.

तांडेलकाका बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "बाय, तुम्ही त्या रंगवाल्यांच्यातल्या काय?"

"कोण रंगवाले?"

"ते नाय काय, गणपतीच्या आधी येतात कठडे रंगवायला."

मी म्हटलं, नाही, आम्ही पूल तपासायला आलोय. त्यांनी मान हलवली आणि वल्हं पाण्यातून वर घेतलं. "मग ऐका जरा. तिसऱ्या खांबापाशी पूल हल्ली येगळा वाजतो."

सर पुढच्या फळीवर बसले होते. ते एकदम वळले. "कसा वाजतो?"

"आधी गाडी गेली की टक-टक. दोन वेळा. आता टक झालं की मागनं दाबल्यासारखा आवाज येतो. दात खाल्ल्यासारखा. रात्री जाळं लावून बसतो ना मी, तेव्हा गपगार असतं. तेव्हा चांगलं कळतं."

सरांनी होडी तिसऱ्या खांबाशी न्यायला सांगितली. मदतनिसाला म्हणाले, काही वाजवू नकोस. वीसेक मिनिटं आम्ही नुसते ऐकत बसलो. छोट्या गाड्यांना काही फरक नव्हता. पण भरलेला ट्रक गेला की पहिल्या दोन आवाजांच्या मागे एक तिसरा यायचा, खोलवरून, करकर असा. दुसऱ्या खांबाशी परत गेलो, तिथे तो नव्हता. चौथ्याशीही नव्हता. आमच्या पेटीत काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडून त्यांचा वेग मोजणारं यंत्र होतं, सळईच्या गंजाचा अंदाज देणारं विजेचं उपकरण होतं. त्यातलं एकही अजून बाहेर काढलं नव्हतं आणि दुखणं कुठे आहे ते आम्हाला कळलं होतं, एका माणसाच्या कानामुळे.

परत फिरताना काकांनी नाळेजवळच्या जाळ्याखालून एक काँक्रीटचा तुकडा काढून दाखवला. वीतभर लांब. जाळ्याला वजन म्हणून ठेवलेला. "मिरगात पडला. होडीपासून हातभरावर." तुकड्याच्या एका बाजूला सळईची अख्खी पन्हळ उमटली होती, तांबडीलाल. पन्हळीपासून बाहेरच्या पृष्ठभागापर्यंतची जाडी मी मोजली. अठरा मिलिमीटर. आता खाडीवरच्या पुलाच्या सळईवर साधारण पन्नास मिलिमीटर काँक्रीट असावं असं धरतात. खारी हवा अठरा मिलिमीटर पार करायला किती वर्षं घेणार? एकदा सळई गंजायला लागली की गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो आणि काँक्रीट आतून फोडून बाहेर टाकतो. तो तुकडा तसाच पडला होता.

"कोणाला सांगितलं नाहीत का?" मी विचारलं.

"सांगितलं की. त्या रंगवाल्यांना."

कठड्यांचा रंग नवा होता. पिवळे-काळे पट्टे, लांबून चकचकीत. मला त्या रंगाऱ्यांवर राग नाही. त्यांना कठडा रंगवायला पाठवलं होतं, त्यांनी तो रंगवला. पण वर्षानुवर्षं त्या पुलावर नेमाने झालेलं एकमेव काम तेच होतं, आणि हे मला त्या दिवशी खूप लागलं.

पुलाच्या खाली माणूस पोचवणारी गाडी आदल्या संध्याकाळी मुंबईहून येऊन उभी होती. ट्रकवर घडीचा लांब हात असतो. तो कठड्यावरून बाहेर जातो, खाली वळतो आणि पुन्हा पुलाच्या पोटाखाली शिरतो. टोकाला बकेट, त्यात दोन माणसं. आम्ही पहिल्या गाळ्यापासून क्रमाने जाणार होतो. सर म्हणाले, "क्रम राहू दे. तिसरा."

एक लेन बंद केली. लाल-हिरवे झेंडे घेऊन दोन मुलं दोन टोकांना. पाऊस बारीक होता. मी आणि मदतनीस हार्नेस लावून बकेटमध्ये शिरलो आणि ऑपरेटरने आम्हाला हळूहळू पुलाच्या पोटाखाली नेलं. पुलाखाली पहिल्यांदा जाणाऱ्याला सगळ्यात विचित्र वाटतो तो प्रकाश. वरून काही येत नाही, पाण्यावरून परावर्तित होऊन खालून वर येतो आणि गर्डरवर हलत राहतो. पारव्यांची विष्ठा, ओल, डिझेलचा वास. डोक्यावरून गाडी गेली की आधी हाडांना कळतं, मग कानाला.

नाकापाशी पोचलो तर नाक दिसेचना. खाच चिखलाने भरली होती. वरच्या फाटलेल्या जॉइंटमधून वर्षानुवर्षं आलेली माती, त्यात बाटल्यांचा चुरा, गुटख्याच्या पुड्या आणि दोन हात लांब पिंपळाचं मूळ. आम्ही खुरप्याने अर्धा तास ते उपसत होतो. घमेलं भरून वर पाठवायचं, रिकामं परत घ्यायचं. चिखल गेला तसं बेअरिंग दिसायला लागलं. तिथे पोलादी रोलर होता. गाळा उन्हात वाढतो, रात्री आखडतो, म्हणून एका टोकाला रोलर असतो, गाळ्याला सरकता यावं म्हणून. तो गंजून खालच्या पाटाशी एकजीव झाला होता. रोलर आणि पाट यांच्यामधली रेषा बोटानेही लागत नव्हती.

म्हणजे गाळ्याला सरकायला जागा नाही. तो रोज दुपारी नाकाला ढकलणार, रोज पहाटे ओढणार, आणि वर ट्रक. असं किती वर्षं चाललं होतं कुणास ठाऊक.

मी तारेच्या ब्रशने खाचेचा आतला कोपरा घासला. आतला कोपरा हीच पहिली जागा, काँक्रीटला ताण असह्य झाला की भेग तिथूनच निघते. ती होती. कोपऱ्यातून निघून तिरकी खाली, गर्डरच्या अंगात. प्लॅस्टिकची पट्टी लावून रुंदी मोजली. खाऱ्या हवेतल्या पुलाला ०.२ मिलिमीटरपर्यंतची भेग हिशेबात धरलेली असते. ही १.४ होती.

मी आकडा मदतनिसाला सांगितला, त्याने लिहिला. भेगा मी याआधीही पाहिल्या होत्या. जुनी, थांबलेली भेग असते. तिच्यात धूळ बसलेली असते, कडा बोथट झालेल्या असतात. तशी भेग सळईला धोक्याची असते, पण ती तुम्हाला विचार करायला वेळ देते. ही कुठल्या जातीची ते मी बघत होते, आणि तेवढ्यात वरून भरलेला डंपर गेला.

भेग ओली होती. डंपर आला तसं तिच्या तोंडावर पाणी आलं आणि त्यावर मुगाएवढा बुडबुडा फुगला. डंपर गेला आणि बुडबुडा आत ओढला गेला. मी पापणी न हलवता बघत राहिले. पुढचा ट्रक. पुन्हा बुडबुडा आला, पुन्हा आत गेला. कारला काही नाही. एसटीला किंचित. टँकरला मोठा, तांबूस पाण्याचा. भेग श्वास घेत होती.

हे लिहितानाही माझ्या हाताला त्या काँक्रीटचा थंडपणा आठवतो. तळहात भेगेच्या दोन्ही बाजूंना टेकवला तर दोन बाजू वेगवेगळ्या हलताना जाणवत होत्या. ती एक वस्तू राहिली नव्हती. आत ज्या काही सळया शाबूत होत्या त्यांच्यावर गाळ्याचं ते टोक टेकलेलं होतं, आणि त्या सळया किती उरल्यात ते दिसायला मार्ग नव्हता.

वॉकी-टॉकीवर सरांना सांगितलं. ते दोन क्षण काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "फोटो नको काढत बसू. व्हिडिओ घे, तीन गाड्यांचा. आणि वर ये. मी अवजड गाड्या थांबवतोय."

"आपल्याला तो अधिकार..."

"वर ये."

वर आले तेव्हा सर रस्त्याच्या मधोमध छत्री न घेता उभे होते, हात आडवे करून. समोर चिऱ्यांचा ट्रक, त्याचा ड्रायव्हर खाली उतरून शिव्या देत होता. वाहतूक पोलीस हवालदार धावत आले. सरांनी त्यांना इतकंच विचारलं, "हवालदार, सावित्रीला तुमच्यातलं कोण गेलं होतं बंदोबस्ताला?" ते म्हणाले, "मी." पुढे काही बोलावं लागलं नाही. त्यांनी स्वतःची मोटरसायकल आडवी लावली.

पण हवालदार गाड्या तासभर थांबवू शकतात. हमरस्ता अवजड वाहनांना बंद करायचा तर त्या खात्याच्या अधिकाऱ्यांचं पत्र लागतं, त्यावर जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. दीडच्या सुमारास संबंधित अधिकारी आले. चिडलेले होते, आणि त्यांची अडचण खोटी नव्हती. गणपती ५ सप्टेंबरला. अकरा दिवस. मुंबईहून लाखो माणसं येणार, हजारो जादा गाड्या. वळणाचा रस्ता घाटातला, पावसात खचलेला. "आजच का?" ते म्हणाले. "इतकी वर्षं उभा आहे तो. गणपती होऊ द्या, लगेच बंद करतो. लेखी देतो तुम्हाला."

सर म्हणाले, "गणपतीलाच त्यावर सगळ्यात जास्त वजन येणार आहे."

"मे महिन्याच्या पाहणीत बेअरिंग व्यवस्थित लिहिलंय."

तो रकाना मी पाहिला होता. एका शब्दाचा होता. लिहिणाऱ्याकडे ना होडी, ना ही गाडी, आणि हाताखाली असे पूल किती! त्याने काठावरून पाहिलं असणार. मीही वीस पुलांचं तेच केलं होतं, म्हणून मी त्याच्याबद्दल काही बोलले नाही. मी व्हिडिओ दाखवला. फोनच्या काचेवर पावसाचे थेंब, चित्र अंधारं, त्यात तो बुडबुडा धड दिसेना. साहेबांनी फोन परत दिला.

तेव्हा मी म्हटलं, "साहेब, तुम्ही एकदा खाली येता?"

ते कचरले. पन्नाशीचे, अंगाने जड. पण आले. हार्नेस मी स्वतः बांधला. खाली जाईपर्यंत त्यांनी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. वरच्या एका ट्रकला हळू जाऊ देण्याची सरांनी हवालदारांना खूण केली. एकच, आणि तोही रिकामा. ट्रक आला. भेगेच्या तोंडावर पाणी आलं, बुडबुडा फुगला, आत गेला.

साहेबांनी चष्मा पुसला. पुढे वाकून भेगेवर बोट ठेवलं, आणि तसंच ठेवलं. "परत एकदा," म्हणाले. मी सांगितलं, परत नको. त्यांनी मान हलवली. वर येईपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. वर आल्यावर हार्नेस काढायच्या आधी त्यांनी फोन लावला आणि मला ऐकू आलेलं पहिलं वाक्य होतं, "नाही, आत्ता. आत्ताच्या आत्ता."

तीन वाजून चाळीस मिनिटांनी अवजड वाहतूक थांबली. छोट्या गाड्या दुसऱ्या कडेने, एका वेळी एका दिशेने, सावकाश. कारण भेग एका कडेच्या गर्डरला होती आणि त्यावरचा भार काढणं पहिलं गरजेचं होतं. आदेश रात्री आला. दुसऱ्या दिवशी दोन्ही टोकांना लोखंडी चॅनलच्या आडव्या कमानी उभ्या राहिल्या, ट्रक शिरूच नये इतक्या बुटक्या.

त्या रात्री गेस्टहाउसच्या व्हरांड्यात सर मांडवीबद्दल बोलले. चार वर्षं त्यांच्याबरोबर काम करून मी ते कधी ऐकलं नव्हतं. ५ जुलै १९८६ला पणजीचा मांडवीवरचा पूल पडला तेव्हा ते तरुण इंजिनिअर होते आणि गोव्यातच कामाला होते. १९७०मध्ये सुरू झालेला पूल. अवघी सोळा वर्षं. काँक्रीटच्या आतल्या ताणलेल्या तारा गंजल्या होत्या आणि बाहेरून पूल धडधाकट दिसत होता. नवा पूल १९९२मध्ये झाला. तोवर फेरीबोटीच्या रांगेत उभं राहताना रोज ते पाण्यातले अवशेष दिसायचे, असं म्हणाले. मग बऱ्याच वेळाने: "पूर्वी रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला देखभालीचा मजूर, मैलकुली, असायचा. त्याला बेअरिंग म्हणजे काय ते माहीत नसायचं. पण तो रोज पुलावरची भोकं पहारीने मोकळी करायचा. आम्हाला वाटायचं, हे काय काम आहे." ती पदं आता बहुतेक ठिकाणी रिकामीच आहेत.

गणपतीचे दिवस अवघड गेले. एसटी पुलाच्या अलीकडे थांबायची, माणसं उतरून सामानासकट साडेतीनशे मीटर चालायची आणि पलीकडच्या दुसऱ्या गाडीत बसायची. पाऊस, अंधार, झोपेतली पोरं, डोक्यावर पिशव्या. ३ आणि ४ सप्टेंबरला मी मुद्दाम तिथे राहिले. मला कुणी सांगितलं नव्हतं. पण गाड्या बंद करायला लावणारी मी, तर त्या माणसांचे हाल मी बघायलाच हवेत असं वाटलं. एका बाईंच्या हातात गुंडाळलेली मखराची चौकट होती, तिचा एक पाय वाऱ्याने मोडला. त्या माझ्याकडे बघून रडवेल्या झाल्या. मी ती चौकट पलीकडे नेऊन दिली. एक गृहस्थ मोठ्या आवाजात सुनावत होते, की चांगला मजबूत पूल आहे, कुणाच्या तरी डोक्यातून निघालेली थेरं ही. एसटीचे चालक गाडीच्या पायरीवर उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "काका, उतरा. महिन्यामागे आमच्या दोन गाड्यांतल्या माणसांना उतरा म्हणायला कोणी नव्हतं." काका उतरले. चालत गेले. मध्यावर थांबून कठड्यावरून खाली पाण्याकडे बघताना मला दिसले.

दुरुस्तीला पावसाळा संपायची वाट पाहावी लागली, पण तात्पुरता आधार सप्टेंबरातच दिला. नाकाखाली पोलादी चौकट, खांबाला जखडलेली. नोव्हेंबरात गाळा हायड्रॉलिक जॅकवर मिलिमीटर-मिलिमीटरने उचलला. जुना रोलर गॅस कटरने कापून काढावा लागला. काँक्रीट फोडल्यावर नाकातल्या मुख्य सळया दिसल्या. कडेच्या दोन सळया बोटाने मोडाव्यात इतक्या उरल्या होत्या. तिसरी अर्धी. साहेब स्वतः तिथे होते. त्यांनी मोडलेल्या सळईचा एक तुकडा रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. कशासाठी, मी विचारलं नाही.

नव्या सळया, नवं काँक्रीट, भेगांत इपॉक्सी, बाहेरून ताण दिलेले पोलादी दांडे, रबराची बेअरिंग. आणि फक्त त्या नाकाचं नाही, सगळ्या नाकांचं. दुसऱ्या चार ठिकाणीही चिखलाखाली तेच सुरू झालेलं होतं, कमी प्रमाणात. वर नवे जॉइंट. पावसाचं पाणी बाहेर सोडणारे जुने पाइप स्लॅबच्या बुडाशीच संपत होते, त्यामुळे पाणी गर्डरच्या अंगावरूनच ओघळायचं. ते गर्डरच्या खालपर्यंत लांबवले. सगळ्या दुरुस्तीत सगळ्यात स्वस्त काम हे पाइपांचं होतं. ते वीस वर्षांपूर्वी झालं असतं तर बाकीच्यातलं बरंच करावं लागलं नसतं.

एप्रिल २०१७मध्ये भारचाचणी झाली. वाळूने भरलेले ट्रक ठरवलेल्या जागी उभे करायचे, चोवीस तास तसेच ठेवायचे, पूल किती वाकला ते मोजायचं. मग ट्रक काढून पुन्हा चोवीस तास. साध्या सळईच्या काँक्रीटचा पूल वाकल्याच्या निदान ७५ टक्के तरी परत आला पाहिजे, तरच पास. दोन रात्री मी आणि मदतनीस खालच्या मचाणावर बॅटरीच्या उजेडात दर तासाला डायलचे आकडे लिहीत होतो. खाडीत एक कंदील दिसायचा. तांडेलकाका जाळं लावून बसलेले. दुसऱ्या पहाटे पूल ९१ टक्के परत आला. मी ओरडून काकांना सांगितलं. टक्केवारीचं त्यांना काही नव्हतं. ते म्हणाले, गाड्या सोडा, मग सांगतो.

त्यानंतर मी दर वर्षी मे महिन्यात त्या पुलावर जाते, कंत्राट असो नसो. पहिल्या वर्षी सगळे पाइप मोकळे होते. दुसऱ्या वर्षी चार तुंबले होते. गेल्या मे महिन्यात गेले तेव्हा तिसऱ्या खांबाजवळचा पाइप मातीने पूर्ण भरला होता आणि मातीत पिंपळाचं रोप, दोन पानांचं. जॉइंटच्या रबरावर टायरचा तुकडा अडकलेला. गाडीच्या डिकीत मी पहार ठेवते. रोप मुळासकट काढलं, पाइपमध्ये पहार घातली, बाटलीतलं पाणी ओतलं. बराच वेळ ते वरच साचून राहिलं. मग गुडगुडलं आणि खाली गेलं. मी कठड्यावरून वाकून बघितलं. पाण्याची धार गर्डरला न शिवता सरळ खाडीत पडत होती. वहीत लिहिलं: 'पी-३, डावी बाजू, तुंबलेला होता, मोकळा केला', तारीख घातली, आणि पहार उचलून पुढच्या पाइपाकडे गेले.